मागे घेतलेला शोध

मॅडमना कोणी ‘डॉक्टर’ म्हटलं की त्यांचा चेहरा आंबट व्हायचा. पापडीजवळच्या त्यांच्या घरी रविवारी सकाळी माणसं यायची. वाडीतल्या केळींमधून पायवाट होती, तिच्यावरून एकेक जण येताना दिसायचा. कोणाच्या हातात एक्स-रेचं पाकीट, कोणाच्या हातात रक्ताचा रिपोर्ट. मॅडम ओट्यावर पेपर वाचत बसलेल्या असायच्या. ‘डॉक्टरीणबाई, जरा बघता का?’ असं कोणी म्हटलं की त्या चष्मा काढून बाजूला ठेवायच्या, म्हणजे बघण्याचा प्रश्नच मिटला.

‘मी माणसांची डॉक्टर नाही,’ त्या म्हणायच्या. ‘माणूस मला फार मोठा पडतो.’

आलेला माणूस हसायचा. मॅडम हसायच्या नाहीत. त्यांनी जन्मभर पेशींवर संशोधन केलं होतं, तेही मुख्यतः तोंडाच्या कॅन्सरच्या पेशींवर, आणि गावात हे समजावून सांगायचा त्यांना कंटाळा होता. पण तो माणूस खट्टू होऊन उठायला लागला की त्या मागून ओरडायच्या, ‘इकडे ये. आ कर.’

हे ‘आ कर’ सगळ्या पंचक्रोशीला ठाऊक होतं. माणिकपूरच्या रिक्षा स्टँडवर तर त्यांची दहशत होती. रिक्षात बसण्याआधी त्या ड्रायव्हरला तोंड उघडायला लावायच्या. गाल आतून पांढरा पडलेला दिसला की तिथेच, रांगेतल्या माणसांसमोर, त्याची खरडपट्टी. ‘हा डाग उद्या गाठ होईल. आणि गाठीला सगळं येतं, एक मरता तेवढं येत नाही. त्यामुळे मरावं तुला लागतं.’ काही ड्रायव्हर त्यांना लांबून बघूनच रिक्षा वळवायचे. एकाने मात्र घाबरून तपासणी करून घेतली, वेळेवर ऑपरेशन झालं आणि तो वाचला. तो त्यांच्याकडून भाडं घ्यायला तयार नसायचा आणि मॅडम दिल्याशिवाय उतरायला तयार नसायच्या. दोघं हमरीतुमरीवर यायचे आणि मागच्या रिक्षा हॉर्न वाजवत राहायच्या.

दिसायला त्या अगदी किरकोळ. सुती साडी घोट्याच्या वरच खोचलेली, खाली पुरुषी खेळाचे बूट. नखं अगदी कातडीपर्यंत कापलेली. वडापाव खायचा तरी हात कोपरापर्यंत धुवायचे. घरच्या वाडीत मोगरा होता, त्यांचे भाऊ रोज पहाटे टोपल्या भरून बाजारात पाठवायचे, पण मॅडमच्या केसांत मी कधी फूल पाहिलं नाही. लग्न केलं नव्हतं. ‘कोणी विचारलं नाही असं नाही,’ त्यांचे भाऊ एकदा मला म्हणाले होते. ‘बघायला आलेल्याला ताईनं मायक्रोस्कोपात बघायला बसवलं. तो चहा न पिताच गेला.’

मी त्यांच्याकडे पीएचडी करायला गेलो तो केवळ त्या आमच्या भागातल्या म्हणून. आम्ही मूळचे कोकणातले. बाबा मुंबईत कारकून, घर नालासोपाऱ्याला तुळिंजमध्ये, दोन खोल्यांचं. मॅडमची संस्था मुंबईत होती. मुलाखतीत त्यांनी मला मायक्रोस्कोपासमोर बसवलं आणि विचारलं, ‘काय दिसतं?’ मी पुस्तकातलं धडाधड म्हणून दाखवलं.

‘हे तू वाचलेलं सांगितलंस. दिसतं काय?’

मी पुन्हा बघितलं. ‘हिरवे ठिपके दिसतात. कडेला दाट, मध्ये विरळ.’

‘का?’

‘माहीत नाही.’

‘उद्यापासून ये,’ त्या म्हणाल्या.

पुढची काही वर्षं मी त्यांच्या तोंडून सर्वांत जास्त वेळा ऐकलेला शब्द म्हणजे ‘परत’. परत बघ. परत कर. परत मोज. एखादा प्रयोग मनासारखा जमला आणि आम्ही नाचत त्यांच्याकडे गेलो की त्या कागदाकडे बघायच्याही नाहीत. ‘जमला ना? मग आता बिघडवून दाखव,’ म्हणायच्या. प्रयोग कशाकशाने फसू शकतो ते सगळं करून बघितल्याशिवाय त्यांचा कशावर विश्वास बसायचा नाही. त्यांच्या प्रयोगशाळेतली मुलं लवकर म्हातारी होतात असं शेजारच्या विभागात म्हणायचे.

आणि त्या प्रयोगशाळेत ‘मावशी’ होती.

मावशी म्हणजे काचेच्या चपट्या बाटल्यांमध्ये वाढणाऱ्या पेशी. जगभर त्यांना इंग्रजी अक्षरांचं एक नाव होतं, पण आम्ही आपसात मावशीच म्हणायचो. ‘मावशीला खायला घातलं का?’ म्हणजे बाटलीतलं जुनं पोषक द्रव काढून नवीन घातलं का. ‘मावशी आज रुसलीय’ म्हणजे पेशी नीट वाढत नाहीत. हे नाव मॅडमनीच रूढ केलं होतं, कारण त्या पेशी ज्या बाईच्या तोंडातल्या गाठीतून घेतल्या होत्या त्या बाईला मॅडम मावशी म्हणायच्या.

ती मिठागरावर कामाला जाणारी बाई होती. उन्हात राबायची आणि मिश्रीचं बोट दिवसभर तोंडात. मॅडम तेव्हा तरुण होत्या, नुकत्याच संस्थेत लागलेल्या. मावशीच्या गालातली गाठ त्यांनीच पहिल्यांदा पाहिली आणि स्वतः बरोबर जाऊन तिला मुंबईच्या इस्पितळात दाखल केलं. उशीर झालेला होता. ऑपरेशनच्या आधी मॅडमनी तिला विचारलं, की काढलेल्या गाठीतला तुकडा मला अभ्यासाला देशील का. ती म्हणाली, ‘ने गो. मला काय करायचीय ती?’ त्यानंतर ती फार जगली नाही. पण तिच्या गाठीतल्या पेशी बाटलीत जगल्या, वाढल्या, वाढतच राहिल्या.

त्या पेशींवर मॅडमनी आपलं आयुष्य उभं केलं. कॅन्सरवरचं औषध दिलं तरी काही पेशी मरत नाहीत, हे सगळ्यांनाच माहीत होतं. त्या औषध आत घेतात आणि मागच्या दाराने बाहेर टाकतात. ते दार उघडा असा हुकूम पेशीत कुठून येतो, हे मॅडमनी मावशीच्या पेशींत दाखवून दिलं. एका मोठ्या परदेशी नियतकालिकात त्यांचा शोधनिबंध आला, मुखपृष्ठावर मावशीच्या पेशींचा हिरवा-लाल फोटो. देशोदेशींच्या प्रयोगशाळांनी पेशी मागितल्या आणि मॅडमनी मागेल त्याला पाठवल्या. त्यांच्या निबंधाचे दाखले देत लोकांनी पुढचे निबंध लिहिले, त्यांचे दाखले देत आणखी लोकांनी. नवीन औषधं शोधण्याचं काम त्यावर सुरू झालं. माणिकपूरला त्यांच्या जुन्या शाळेने सत्कार ठेवला, तेव्हा ‘कॅन्सरवर मात करणाऱ्या’ असं फलकावर लिहिलेलं बघून मॅडम स्टेजवर चढल्याच नाहीत. मुख्याध्यापकांनी ते शब्द कागद चिकटवून झाकले, मग त्यांनी शाल घेतली.

मावशीची मुलगी कुसुम पापडीच्या बाजारात सुकी मासळी विकायला बसायची. मॅडम बाजारात गेल्या की ती हमखास विचारायची, ‘बाय, माजी आय कशी हाय?’

मॅडम अगदी गंभीरपणे उत्तर द्यायच्या. ‘बरी आहे. गेल्या महिन्यात जपानला गेली.’

‘एकलीच?’

‘बर्फात घालून पाठवली.’

‘तिला थंडी सोसायची नाय,’ कुसुम म्हणायची आणि दोघी हसायच्या.

एकदा कुसुमने हट्टच धरला तेव्हा मॅडम तिला प्रयोगशाळेत घेऊन आल्या. मी तेव्हा तिथे होतो. तिला पांढरा कोट घातला, डोक्याला टोपी बांधली. तिने पदराला बांधून अबोलीचा गजरा आणला होता, तो मॅडमनी दाराबाहेर ठेवायला लावला. फुलांबरोबर काहीबाही आत येतं, म्हणाल्या. कुसुम मायक्रोस्कोपावर वाकली आणि बघतच राहिली. मग डोळा न काढता म्हणाली, ‘लय झाल्यात की.’

‘वाढतात ना,’ मॅडम म्हणाल्या.

‘सगळी आयच?’

‘सगळी.’

तिने तिथल्या तिथे हात जोडले. बाहेर आल्यावर गजरा उचलला, कुठे ठेवावा ते तिला कळेना. शेवटी तिने तो प्रयोगशाळेच्या दाराच्या कडीला अडकवला. मॅडमनी तो संध्याकाळपर्यंत तसाच राहू दिला.

माझा प्रबंध लिहून होत आला होता. त्यातला एक निबंध मी छापायला पाठवला, तेव्हा नियतकालिकाकडून उत्तर आलं की तुम्ही वापरलेल्या पेशी ज्या व्यक्तीच्या आहेत असं म्हणता त्याच व्यक्तीच्या आहेत याचा दाखला जोडा. हल्ली सगळेच मागतात, तेव्हा हे नवीन होतं. मी मावशीच्या पेशी डीएनए तपासणीला पाठवल्या आणि विसरून गेलो.

रिपोर्ट माझ्या नावाने आला. मी तो वाचला, पाणी प्यायलो, पुन्हा वाचला आणि मॅडमच्या खोलीत गेलो. त्या पेशी पुरुषाच्या होत्या.

मॅडमनी रिपोर्ट हातात घेतला नाही. ‘परत कर,’ त्या म्हणाल्या.

परत केला. पुरुषच. मॅडमनी स्वतः फ्रीजरमधल्या जुन्या कुप्या काढल्या, अगदी सुरुवातीच्या, त्यांच्या तरुणपणीच्या अक्षरात नाव घातलेल्या. त्या वितळवल्या, स्वतः वाढवल्या, दुसऱ्या शहरातल्या प्रयोगशाळेत पाठवल्या. तोच पुरुष. जगभरच्या पेशींच्या नोंदींशी ताडून पाहिल्यावर कळलं, परदेशातल्या कोणा माणसाच्या मूत्राशयातल्या गाठीच्या पेशी होत्या त्या, जुन्या काळापासून जगातल्या अनेक प्रयोगशाळांत वापरात असलेल्या. मॅडम कामाला लागल्या तेव्हा त्याच खोलीत शेजारच्या टेबलावर त्या वाढवल्या जात. कधीतरी एखादा थेंब उडाला असेल, एखादी नळी दोन बाटल्यांत बुडाली असेल. त्या पेशी फार जोमाने वाढतात. एक जरी पडली तरी थोड्याच आठवड्यांत दुसऱ्या सगळ्यांना मारून बाटली भरून टाकते. मावशीच्या पेशी पहिल्याच काही महिन्यांत संपल्या होत्या. तेव्हापासून मॅडम, आम्ही आणि अर्धं जग कोणा अनोळखी माणसाला मावशी म्हणत होतो.

मॅडम त्या दिवशी घरी गेल्या नाहीत की जेवल्या नाहीत, असं काही झालं नाही. त्यांनी डबा खाल्ला, हात कोपरापर्यंत धुतले आणि ज्याच्या मुखपृष्ठावर मावशी आली होती त्या परदेशी नियतकालिकाला पत्र लिहायला बसल्या. माझा निबंध मागे घ्या. त्यानंतरचेही सगळे.

संचालकांनी त्यांना बोलावून घेतलं. तपासणी माझी, म्हणून मलाही. संचालक मॅडमचे समवयस्क, चांगले गृहस्थ. त्यांनी दार लावून घेतलं आणि म्हणाले, ‘मॅडम, निष्कर्ष चुकीचा आहे असं कुठे सिद्ध झालंय? पेशी दुसऱ्या निघाल्या, एवढंच.’

‘एवढंच,’ मॅडम म्हणाल्या. ‘मी तोंडाच्या कॅन्सरवर बोलत होते आणि ते तोंड नव्हतंच, एवढंच.’

‘तुम्ही पुढच्या वर्षी निवृत्त होताय. एक छोटी दुरुस्ती छापू. मागे घेतलं की लोक काय म्हणतात तुम्हाला माहीत आहे. फसवाफसवी केली असंच धरून चालतात.’

‘धरू दे.’

मग मी बोललो. ‘मॅडम, एक वर्ष थांबा. माझा प्रबंध जाऊ दे, मग पत्र पाठवा.’

त्या माझ्याकडे वळल्या. आवाज चढलेला नव्हता. ‘या एका वर्षात जे नवीन काम सुरू करतील त्यांना काय सांगू? तुझ्यासाठी थांबले होते?’

‘मग माझं काय?’

‘माहीत नाही,’ त्या म्हणाल्या. ‘दुसऱ्या पेशींवर पहिल्यापासून कर. मी आहे तोवर मी आहे.’

पहिल्यापासून करायला माझी शिष्यवृत्ती उरली नव्हती, आणि बाबा निवृत्त झालेले. त्यांना घरी हे सांगितलं तेव्हा त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘बाईंनी चोरी केली होती का?’

‘नाही.’

‘मग कबूल कशाला केलं?’

मला ते समजावून सांगता आलं नाही. सांगायची इच्छाही नव्हती. मला त्या वेळी मॅडमचा इतका राग आला होता की त्या समोर आल्या तर मी काय केलं असतं कोण जाणे. आणि त्या समोर आल्याच. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, ‘कुसुमला सांगायला जायचंय. तू चल. मी सांगताना काही लपवलं तर टोक.’

बाजारात गर्दी होती. कुसुमने आम्हाला बघून नेहमीसारखं हसून तिचं नेहमीचं वाक्य विचारलं. मॅडम तिच्यासमोर, बोंबील आणि सोड्यांच्या टोपल्यांच्या अलीकडे, उकिडव्या बसल्या. साडीची कड ओल्या जमिनीला लागली.

‘कुसुम, माझी चूक झाली,’ त्या म्हणाल्या. ‘ती तुझी आई नव्हती.’

कुसुमला आधी वाटलं की गंमत चालली आहे. मॅडमनी सगळं सांगितलं, अगदी साध्या शब्दांत. बाटली, थेंब, दुसरा माणूस. कुसुमच्या तोंडावरचं हसू एकदम गेलं नाही, हळूहळू उतरलं.

‘मंग माजी आय कवा मेली?’

‘तेव्हाच. इस्पितळात.’

‘आनि मी त्या मशीनीत बगितलं ते?’

‘ते दुसऱ्या कोणाचं.’

‘कोनाचं?’

‘मला माहीत नाही. परदेशातला कोणी माणूस. तोही मेलेला असणार.’

कुसुम टोपलीतले सोडे उगाच सारखे करत राहिली. मग म्हणाली, ‘मी तिचं पान नाय ठेवलं कवा. सर्वपित्रीला माजा भाऊ ठेवायचा, मी भांडायची. म्हनायची, आय जिती हाय मुंबयला, जित्या मानसाचं पान ठेवतान का?’ तिने मॅडमकडे पाहिलं. ‘इतकी वर्सं माजी आय उपाशी ठेवली तुमी.’

मॅडमचा श्राद्धपक्षावर काडीचा विश्वास नव्हता. पण त्या तिथून हलल्या नाहीत. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. कुसुमने त्याला बोंबील मोजून दिले, सुट्टे दिले. मॅडम तशाच बसून होत्या. ‘उठा आता,’ कुसुम म्हणाली. ‘लोकांना उभं राहायला जागा नाय.’

त्यानंतर ती मॅडमशी कधी बोलली नाही. मॅडम बाजारात जायच्या, तिच्या समोरून जायच्या, चालणं मुद्दाम हळू करायच्या. कुसुम मान वर करायची नाही.

संचालक म्हणाले होते तसंच झालं. निबंध मागे घेतल्याची बातमी एका वर्तमानपत्रात आतल्या पानावर आली आणि तिच्यात ‘बनावट’ हा शब्द होता. व्याख्यानांची बोलावणी बंद झाली. ज्यांना मॅडमनी हाताला धरून पेशी वाढवायला शिकवलं होतं त्यांनी आपल्या परिचयपत्रातून त्यांचं नाव काढून टाकलं. मीही काढलं. डॉक्टर न होताच मी नालासोपाऱ्यात एका ज्युनिअर कॉलेजात शिकवायला लागलो आणि संध्याकाळी तुळिंजला एका इमारतीत चौथ्या मजल्यावर क्लास घ्यायला लागलो.

बऱ्याच वर्षांनी एका संध्याकाळी मी पेशीविभाजन शिकवत होतो. फळ्यावर आकृती काढत होतो. मागून आवाज आला, ‘तो धागा तिथे नसतो.’

मॅडम शेवटच्या बाकावर बसल्या होत्या. केस सगळे पांढरे, चष्म्याची भिंगं जाड. लिफ्ट बंद होती, चार मजले चढून आल्या होत्या आणि धापा टाकत होत्या. पोरं वळून बघत होती. मी धागा पुसून योग्य जागी काढला. क्लास सुटेपर्यंत त्या थांबल्या.

‘डोळ्यांना स्क्रीन दिसत नाही,’ त्या म्हणाल्या. ‘मेल लिहायच्या असतात. रविवारी येशील का?’

‘तुमच्यामुळे माझं आयुष्य—’ मी सुरुवात केली, आणि ते वाक्य मला पुरं करता येईना.

‘हो,’ त्या म्हणाल्या. ‘माझ्यामुळे.’

त्यांनी माफी मागितली नाही. पण ‘हो’ म्हणाल्या, आणि का कोण जाणे, मला तेवढं पुरलं. मी रविवारी पापडीला जायला लागलो.

मेल कसल्या, तर मागे घेतलेला तो निबंध लोक अजून वापरत होते. मागे घेतल्याची सूचना कोणी वाचतच नाही. एकाने दाखला दिला की दुसरा तो तिथूनच उचलतो. मॅडमचा निबंध मेल्यानंतरही वाढत होता. निवृत्तीनंतर त्यांनी हेच एक काम धरलं होतं: ज्याने ज्याने दाखला दिला त्याला शोधून काढायचं आणि कळवायचं, की महोदय, हा निबंध माझा आहे, तो चुकीचा आहे, कृपया वापरू नका. मी मोठ्याने नावं वाचायचो, त्या सांगायच्या, मी टाइप करायचो. बहुतेक जण उत्तर द्यायचे नाहीत. एका प्राध्यापकाने लिहिलं की आम्ही फक्त प्रस्तावनेत उल्लेख केला आहे, आपण काळजी करू नये. एकाने पेशी मागितल्या.

‘सगळ्यांना आपलं नाव वाढायला हवं असतं,’ भाऊ चहा ठेवता ठेवता म्हणायचे. ‘आमची ताई कमी करायला बसलीय.’

एकदाच एका मेलला खरं उत्तर आलं. मराठवाड्यातल्या एका विद्यापीठात पीएचडी करणाऱ्या मुलीने लिहिलं की माझं सगळं काम याच पेशींवर आहे, आता मी काय करू? मॅडमनी मला फोन लावायला सांगितला. मुलगी रडत होती. मॅडमनी तिला बोलावून घेतलं. ती आली, वाडीतल्या घरात आठवडाभर राहिली. मॅडम तिला ओट्यावर बसवून शिकवायच्या. कोणते प्रयोग दुसऱ्या पेशींवर पुन्हा करता येतील, किती वाचवता येईल. त्या दिवसांत मॅडमचा आवाज बदलला होता. पुन्हा ‘परत, परत’ ऐकू यायला लागलं. मुलगी हुशार होती. जाताना तिने वाकून नमस्कार केला तर मॅडम पाय मागे घेत म्हणाल्या, ‘त्यापेक्षा नळ्या नीट बदल.’

तिच्या मार्गदर्शकाने ऐकलं नाही. तो स्वतः याच पेशींच्या कामावर प्राध्यापक झाला होता. मॅडमनी त्याला फोन केले, त्याने उचलले नाहीत. मुलीचं लग्न ठरलं होतं आणि घरचे आणखी थांबायला तयार नव्हते. शेवटी एका रविवारी तिचा फोन आला. मॅडमनी तो स्पीकरवर ठेवला.

‘मॅडम, माझी पीएचडी झाली.’

‘अभिनंदन,’ मॅडम म्हणाल्या. ‘पेशी कुठल्या लिहिल्यास?’

ती म्हणाली, ‘त्याच, मॅडम. माझ्या हातात नव्हतं.’

फोन ठेवल्यावर मॅडमनी लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. मग म्हणाल्या, ‘लिही. प्रिय डॉक्टर—’ आणि त्या मुलीचं आडनाव सांगितलं.

‘मॅडम, तिला कशाला? तिला तर माहीत आहे.’

‘म्हणूनच. वाचेल तरी.’

मी ती मेल लिहिली. महोदया, हा निबंध माझा आहे, तो चुकीचा आहे. पुढचं एक अक्षरही न बदलता तीच. पाठवली. तिचं उत्तर कधी आलं नाही.

त्या दुपारी मॅडम जेवल्या नाहीत. मी निघायला उठलो तेव्हा त्यांनी माझी बाही धरली. त्या कधी कोणाला हात लावायच्या नाहीत, त्यामुळे मी दचकलोच.

‘तू म्हणाला होतास, एक वर्ष थांबा,’ त्या म्हणाल्या. ‘थांबायला हवं होतं का रे मी?’

मी खूप विचार केला. हो म्हटलं असतं तर त्यांच्या हातून सगळंच गेलं असतं, आणि नाही म्हणायला माझी जीभ उचलेना. मी म्हणालो, ‘मला माहीत नाही, मॅडम.’

‘बरं,’ त्या म्हणाल्या आणि बाही सोडली.

त्या वर्षी त्यांचं हृदय थकत गेलं. पायांवर सूज, मग छातीत पाणी. त्यांना माणिकपूरच्या एका दवाखान्यात ठेवलं होतं. संस्थेचे नवे संचालक भेटायला आले, हातात मोठा पुष्पगुच्छ. त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि सांगितलं की संस्था त्यांच्या नावाने दरवर्षी एका तरुण संशोधकाला पुरस्कार देणार आहे.

मॅडमनी तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला. ‘कशाबद्दल?’

‘तुमच्या योगदानाबद्दल, मॅडम. आमच्या संस्थेतून आजवर जे छापलं गेलं त्यात सर्वांत जास्त दाखले आजही तुमच्याच निबंधाचे दिले जातात.’

‘तो नाही,’ मॅडम म्हणाल्या. ‘तो मी मागे—’ त्यांना खोकला आला. नर्सने मास्क परत लावला. संचालकांनी त्यांच्या हातावर थोपटलं. ‘तुम्ही विश्रांती घ्या,’ ते म्हणाले. मास्कच्या आत मॅडमचे ओठ हलत होते, प्लॅस्टिकवर वाफ धरत होती. संचालक गेल्यावर मी त्यांना व्हरांड्यात गाठलं आणि सगळं सांगितलं. त्यांना ठाऊक होतं. ‘खूप जुनी गोष्ट आहे ती,’ ते सौजन्याने म्हणाले. ‘आता कोणाच्या लक्षात आहे?’

त्याच आठवड्यात मॅडम गेल्या. गावातली बरीच माणसं आली, माणिकपूरचा तो वाचलेला रिक्षावालाही आला. मी दर थोड्या वेळाने पायवाटेकडे बघत होतो. कुसुम आली नाही.

पुरस्काराच्या पहिल्या समारंभाला भाऊंना बोलावणं होतं. त्यांना प्रवास झेपत नव्हता, म्हणून मी गेलो. संस्थेचं सभागृह गार होतं. स्टेजवर मॅडमचा हार घातलेला फोटो, आणि मागच्या पडद्यावर, भिंत भरून, हिरव्या-लाल पेशींचं ते मुखपृष्ठ. संचालकांनी प्रास्ताविकात मॅडमचा निबंध किती देशांत वाचला जातो ते सांगितलं. मी हात वर केला. प्रश्न शेवटी घेऊ, असं सूत्रसंचालक बाई हसून म्हणाल्या. शेवटी घेतले नाहीत.

माझ्या शेजारी एक तरुण मुलगी बसली होती, गळ्यात संस्थेचं ओळखपत्र. ती हलक्या आवाजात म्हणाली, ‘सर, तुम्ही ओळखत होता त्यांना?’

‘हो.’

‘कशा होत्या?’

‘त्या चुकल्या होत्या,’ मी म्हणालो. ‘हे मागे दिसतंय ना, हे चूक आहे. आणि हे त्यांनी स्वतः जगाला सांगितलं होतं.’

तिने पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी गंमत करतोय असं तिला वाटलं असावं. ती हसली. तेवढ्यात स्टेजवर नाव पुकारलं गेलं, पुरस्काराचा मानकरी उठला, आणि तीही सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवायला लागली.